उंदीर, ससे आणि कमी खर्चातली रायफल: एका शेतावरचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे शेत एका भावाबहिणीचे. धान्याचे कोठार, त्याला लागून गुरांचा गोठा, थोड्या अंतरावर कोंबड्यांची शेड आणि मागच्या बाजूला दोन वर्षांपूर्वी लावलेली फळझाडांची कोवळी बाग. भाऊ शेती बघतो, बहीण हिशेब आणि कोंबड्या सांभाळते. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. अंतरे, हत्यारे आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे दिले आहेत.

शेतकऱ्यांना आणि नवख्या नेमबाजांना सुरक्षित बंदूक हाताळणी शिकवण्याचे काम मी करतो. भावाने मला बोलावले तेव्हा त्याचा प्रश्न अगदी सरळ होता. उंदरांनी कोठार पोखरले आहे, रानससे रोपांच्या साली कुरतडतात, तर दोन्हींसाठी चालेल अशी कमीत कमी खर्चातली .२२ (म्हणजे सुमारे ०.२२ इंच नळीची) रायफल कोणती घ्यावी? मॉडेलचे नाव सांगितले की तो त्याच आठवड्यात घ्यायला तयार होता. अशा उपद्रवासाठी रानससा मारायची जमीनमालकाला तिथे परवानगी होती आणि रायफलचा परवाना मिळवण्याची प्रक्रियाही त्याने सुरू केली होती. ही खात्री मी पहिल्यांदा करून घेतली. आपल्या भागात कोणता प्राणी संरक्षित आहे, कोणत्या हत्याराला परवाना लागतो, सायलेन्सर चालतो की नाही, हे ठिकाणागणिक बदलते. ते कळल्याशिवाय पुढची चर्चा करण्यात अर्थ नसतो.

विष वापरून झाले होते. रक्त गोठू न देणारी, ब्रोमॅडिओलोनसारखी विषे खाल्ल्यावर उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस हिंडतो, सुस्तावतो आणि शिकारी पक्ष्यांच्या सहज तावडीत सापडतो. या कोठाराच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी होती. विषारी उंदीर पिल्लांच्या तोंडी जातील या भीतीने बहिणीने विष बंद करायला लावले होते. मला हा निर्णय मनापासून पटला. रात्रभर फुकट राबणारी ही जोडी गमावली, तर त्या शेताचे नुकसान उंदरांनी केलेल्या नुकसानीपेक्षा मोठे झाले असते.

खरी अडचण काय होती

भाऊ ज्याला एक प्रश्न समजत होता, ते खरे तर दोन वेगळे प्रश्न होते. हे कळायला संध्याकाळी शेतावर एक फेरी पुरली.

उंदीर होते कोठारात आणि गोठ्यात. भिंतीच्या कडेने त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा पडल्या होत्या. अंगाच्या तेलकटपणाने भिंतीच्या खालच्या भागावर काळपट पट्टा उमटला होता. अंतर जास्तीत जास्त पंधरा-वीस मीटर. खाली काँक्रीट, भोवती पत्रा, वर विजेच्या तारा आणि पलीकडे बांधलेली गुरे. वेळ रात्रीची.

ससे होते बागेत. ते दिवस मावळताना बांधाकडच्या झुडपांतून बाहेर पडत आणि रोपांच्या ओळींत शिरत. अंतर चाळीसपासून शंभर मीटरपर्यंत. जमीन खडकाळ. बागेच्या एका अंगाला वापरातला रस्ता, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याचे कुरण, आणि पश्चिमेला माणसापेक्षा उंच असा मातीचा भरीव बांध.

या दोन जागा, दोन अंतरे आणि दोन प्राणी एकाच हत्यारात बसवायचे म्हटले, की कुठेतरी धोका पत्करावा लागतो. माझ्या अनुभवात रायफल निवडताना लोक प्राण्याकडे बघतात आणि किमतीकडे बघतात. प्राण्याच्या मागे काय आहे, हे बघायचे राहून जाते. नेम चुकला तर गोळी कुठे जाईल? नेम लागून गोळी आरपार गेली तर कुठे थांबेल? कॅलिबर, म्हणजे नळीचे आणि गोळीचे माप, या उत्तरावरून ठरते. .२२ एलआर (लाँग रायफल) या नेहमीच्या .२२ काडतुसाची ‘छोटी’ गोळीही वर झाडली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आवाज लहान, धक्का नाममात्र, म्हणून ती खेळण्यातली वाटते. तो समज अंगाशी येतो.

पर्याय कसे तोलले

पहिला आणि सर्वांत आधी बाद झालेला पर्याय म्हणजे कोठारात .२२ रायफल वापरणे. शिशाची साधी, तुलनेने संथ गोळी काँक्रीटवर किंवा दगडावर तिरकी आदळली की फुटत नाही, उसळते. पत्रा तर ती सहज भेदते. भाऊ म्हणाला की बारीक छऱ्यांची .२२ काडतुसेही मिळतात. मिळतात, पण आतून पीळदार आटे असलेल्या नळीतून ते छरे फिरत बाहेर पडतात आणि पटकन फाकतात. काही मीटरच्या पुढे उंदीर मरण्याऐवजी जखमी होण्याचीच शक्यता जास्त. गुरांच्या गोठ्यात तो प्रयोग करायला मी ठाम नकार दिला.

म्हणून आतल्या कामासाठी एअर रायफल. इथे ४.५ की ५.५ मिलिमीटर हा नेहमीचा वाद आला. ४.५ चा छर्रा हलका, वेगवान आणि त्याचा मार्ग सपाट. ५.५ चा जड, थोडा कमानीतून जाणारा, पण लागला की जास्त ठोस बसणारा. पंधरा मीटरवर मार्गाच्या सपाटपणाला फारसे महत्त्व उरत नाही, त्यामुळे ५.५ घ्यायचे ठरले. ताकद १६ ज्यूलच्या आसपास. एक ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने निघाला तर एवढी ऊर्जा होते आणि उंदराला ती भरपूर आहे.

स्प्रिंगची की भरलेल्या हवेची? भरलेल्या हवेच्या बंदुकीला मागे धक्का जवळजवळ नसतो आणि नेम धरायला ती सोपी असते. पण २०० बारपर्यंत किंवा त्याहून जास्त दाबाने हवा भरायला खास पंप किंवा सिलिंडर लागतो, आणि कमी खर्चाच्या हिशेबात तिथेच खड्डा पडतो. स्प्रिंगच्या बंदुकीला छऱ्यांखेरीज काहीच लागत नाही. तिचा दोष असा, की चाप ओढल्यावर जड पिस्टन पुढे धावतो, त्यामुळे बंदूक आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी हिसका देते. ती घट्ट आवळून धरली तर छरे कुठेही जातात. पुढचा हात नुसता आधाराला, दस्ता खांद्याला हलका टेकलेला, अशी धरायची सवय करावी लागते. बहीण रोज रात्री कोंबड्या बंद करायला जातेच, तेव्हा कोठाराचे काम तिने करायचे आणि स्प्रिंगची बंदूक शिकायची, असे दोघांनी ठरवले.

बागेच्या रायफलवर मात्र बराच खल झाला. समोर तीन काडतुसे होती.

.२२ एलआर हे १८८७ पासून चालत आलेले. २.६ ग्रॅमची गोळी. ध्वनीच्या वेगाखालच्या काडतुसात तिचा वेग सेकंदाला सुमारे ३२० मीटर आणि ऊर्जा १३० ज्यूलच्या आसपास. वेगवान काडतुसात ती १९० ज्यूलच्या जवळ जाते. गोळ्या सगळ्यांत स्वस्त आणि सगळीकडे मिळणाऱ्या.

.२२ मॅग्नम, म्हणजे १९५९ चे .२२ डब्ल्यूएमआर. गोळी जवळपास तेवढ्याच वजनाची, पण ऊर्जा ४०० ज्यूलच्या पुढे. नावात .२२ असले तरी त्याचे कवच लांब आणि जाड असते, त्यामुळे एलआरच्या रायफलमध्ये ते बसत नाही. उलट एलआरचे काडतूस मॅग्नमच्या सैल चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) घालून झाडले तर कवच फाटू शकते. नवख्यांना हे मी दोनदा सांगतो.

.१७ एचएमआर हे २००२ मध्ये आले. मॅग्नमच्याच कवचाचे तोंड अरुंद करून त्यात १.१ ग्रॅमची चिमुकली गोळी. वेग सेकंदाला ७७० मीटरच्या पुढे, ऊर्जा सुमारे ३३० ज्यूल. मार्ग इतका सपाट की शंभर मीटरपर्यंत फारसा हिशेब करावा लागत नाही. आणि ती पातळ आवरणाची गोळी आदळल्यावर फुटून तुकडे होते, म्हणून उसळण्याचा धोका एलआरपेक्षा कमी.

जमीन खडकाळ होती. नुसत्या या एका मुद्द्यावर पाहिले तर .१७ चे पारडे जड होते आणि मी सुरुवातीला भावाला तेच सांगितले. विरुद्ध बाजूला दोन गोष्टी होत्या. एक आवाज. ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा हवेत होणारा कडकडाट सायलेन्सर थांबवू शकत नाही. तो फक्त नळीच्या तोंडाचा आवाज कमी करतो. शेजारच्या कुरणात दुभती जनावरे होती, आणि एका बारानंतर सगळे ससे बिळात गेले असते. दुसरी गोष्ट काडतुसांची किंमत. .१७ ची एक गोळी एलआरच्या कित्येक गोळ्यांच्या भावाने पडते. बहिणीने वहीत मांडणी केली आणि विचारले, “दादा, एवढ्या महाग गोळ्या घेऊन तू सराव करशील का?” भाऊ गप्प बसला. कारण उत्तर त्यालाही ठाऊक होते. नव्या माणसाने पहिल्या वर्षी सरावात जेवढी काडतुसे संपवायला हवीत, तेवढी त्याने .१७ मध्ये कधीच संपवली नसती. सराव न केलेल्या माणसाच्या हातातली अचूक रायफल प्राण्यालाही वाईट आणि शेजाऱ्यालाही.

निर्णयाचा पहिला टप्पा: आधी जागा, मग हत्यार

उसळण्याचा धोका काडतूस बदलून कमी करण्याऐवजी गोळी झाडायची जागा बदलून कमी करायचा, असे ठरले. सगळ्या प्रकरणातला कळीचा निर्णय मी हाच मानतो.

आम्ही बाग पावलांनी मोजली. पश्चिमेचा मातीचा बांध हा एकमेव विश्वासार्ह आडोसा होता. म्हणून पूर्वेच्या टोकाला, जमिनीपासून साधारण तीन मीटर उंचीवर, कठडा असलेले लाकडी मचाण बांधायचे आणि तिथूनच, फक्त बांधाच्या दिशेने, खाली उतरत्या कोनात नेम धरायचा. वरून खाली झाडलेली गोळी जमिनीत लवकर शिरते. तरीही एखादी उसळलीच तर पुढे बांध आहे. मचाणापासून चाळीस आणि साठ मीटरवर रंगवलेल्या खुंट्या ठोकल्या. डावीकडे रस्त्याची आणि उजवीकडे कुरणाची बाजू दाखवणारे दोन उंच खांब उभे केले. या खांबांच्या बाहेर ससा कितीही जवळ बसलेला दिसला तरी रायफल तिकडे वळवायची नाही.

एवढे झाल्यावर अंतर साठ मीटरच्या आत आले, मागे माती आली आणि .२२ एलआर पुरेशी ठरली. ध्वनीच्या वेगाखालची, पोकळ टोकाची गोळी घ्यायची, म्हणजे ती शरीरात फुलते, ऊर्जा तिथेच सोडते आणि आरपार जाण्याचे प्रमाण कमी होते. सोबत सायलेन्सर. तिथे तो कायदेशीर होता आणि जनावरे बिचकू नयेत म्हणून गरजेचाही.

निर्णयाचा दुसरा टप्पा: नवी की वापरलेली, बोल्टची की आपोआप भरणारी

भावाचे मन आपोआप भरणाऱ्या रायफलवर होते. १९६४ पासून बनणाऱ्या रुगर १०/२२ चे नाव त्याने ऐकले होते, आणि ती नामांकित रायफल आहेच. पण अशा रायफलीची यंत्रणा काडतुसाच्या धक्क्यावर चालते. संथ, सबसॉनिक म्हणजे ध्वनीच्या वेगाखालच्या काडतुसांत तो धक्का कधीकधी अपुरा पडतो आणि कवच मध्येच अडकते. शिवाय दुसरी गोळी आपोआप तयार असली की पहिली घाईत सुटते. बोल्ट हाताने ओढावा लागला की माणूस तेवढा वेळ थांबतो, समोर बघतो. या कामाला बोल्ट अॅक्शनच हवी होती.

ठरवलेली रक्कम रायफलीवरच संपवायची नाही, ही माझी अट होती. निम्मी रायफलीला, उरलेल्यात स्कोप (नेमाची दुर्बीण), तो बसवायचे पक्के माउंट, कुलपाची तिजोरी आणि सरावाची काडतुसे. त्या निम्म्यात चांगली नवी रायफल बसत नव्हती, म्हणून वापरलेली बघायचे ठरले. .२२ मध्ये हा सौदा बहुधा चांगला ठरतो. काडतुसाचा दाब कमी आणि गोळी मऊ शिशाची असल्याने नळी झिजायला फार काळ लागतो. दुर्लक्ष, गंज आणि उलटसुलट हाताळणी यांनी ती जास्त बिघडते.

दोन रायफली पाहिल्या. पहिली दिसायला झकास, दस्ता नवा पॉलिश केलेला. बोल्ट काढून चेंबरच्या तोंडाशी टॉर्च धरला तर कडेवर बारीक खाच दिसली. रिमफायर काडतुसात ठिणगीचा मसाला कवचाच्या काठात असतो, म्हणून फायरिंग पिन काठावर आदळते. रिकामी रायफल वारंवार ‘चटक’ करून झाडली की काही मॉडेलांत तीच पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खाच पडते. मग कवच बसताना आणि निघताना अडते. नंतर कापूस गुंडाळलेली काडी नळीच्या तोंडात घालून हलकेच बाहेर ओढत चारी बाजूंनी फिरवली. एका जागी कापसाचे तंतू ओढले गेले आणि अडकून राहिले. नळीच्या तोंडाची कड तिथे दुखावलेली होती. गोळी सोडताना शेवटचा स्पर्श त्याच कडेचा असतो. ती सारखी नसेल तर गोळी निघतानाच कलते. मालकाला दोन्ही गोष्टी दाखवल्या आणि रायफल परत ठेवली.

दुसरी रायफल जुनी होती. दस्त्यावर ओरखडे, निळा रंग उडालेला. पण नळी आरशासारखी, चेंबरची कड धारदार, बोल्ट बंद केल्यावर ढिलाई नाही. सुरक्षा खटका लावून चाप ओढला, सोडला, मग खटका काढला, तरी पिन सुटली नाही. नळीच्या तोंडाला सायलेन्सरसाठी आटे होते, वर स्कोप बसवायची ११ मिलिमीटरची खोबण होती, आणि मॅगझिन अजून बाजारात मिळत होते. शेवटची गोष्ट लोक विचारतच नाहीत. मॅगझिन मिळणे बंद झाले की चांगली रायफलही एकेक काडतूस घालून वापरावी लागते. हीच घेतली.

स्कोपच्या बाबतीत एक बारकावा उपयोगी पडला. मोठ्या रायफलींच्या साध्या स्कोपचा पॅरॅलॅक्स (डोळा हलल्याने नेम सरकण्याचा दोष) शंभर यार्डांच्या हिशेबाने जुळवलेला असतो. पंधरा मीटरवर त्यात चित्र धूसर दिसते आणि डोळा किंचित हलला की नेमही सरकतो. रिमफायरसाठी बनवलेला, पन्नास यार्डांना जुळवलेला स्थिर चारपट स्कोप बागेसाठी घेतला. एअर रायफलला जवळच्या अंतरावर जुळवता येणारा आणि स्प्रिंगचा उलटा हिसका सहन करणारा वेगळा स्कोप लागला. एकच स्कोप दोन्हींवर आळीपाळीने लावायची भावाची कल्पना होती. दरवेळी काढून लावला की शून्य, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी पडतील ते अंतर, पुन्हा जुळवावे लागते, हे सांगितल्यावर त्याने ती सोडली.

काय केले

रायफल घरी आल्यावर पहिले काम काडतुसे निवडण्याचे. .२२ च्या प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, एकाच कारखान्यातून लागोपाठ निघालेल्या दोन रायफलींचीही. म्हणून चार वेगवेगळ्या सबसॉनिक काडतुसांच्या लहान पेट्या आणल्या. काडतूस बदलले की नळीत आधीच्या गोळीच्या मेणाचा थर बदलायला काही बार जावे लागतात, त्यामुळे प्रत्येक वेळी सुरुवातीचे बार मोजायचे नाहीत असे ठरवले. पन्नास मीटरवर वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच-पाच गोळ्यांचे गट घेतले. सगळ्यात महाग पेटीचा गट तळहाताएवढा पसरला. मधल्या भावातल्या एकीचा गट अडीच सेंटिमीटरच्या आत बसला. तीच निवडली आणि एकाच लॉटच्या जास्तीच्या पेट्या घेऊन ठेवल्या.

शून्य पन्नास मीटरवर ठेवले. सबसॉनिक गोळी त्यापुढे भराभर खाली येते. पंचाहत्तर मीटरवर सात-आठ सेंटिमीटर, शंभरावर वीस सेंटिमीटरच्याही पुढे. भावाला हे तोंडी सांगून पटले नव्हते. कागदावर स्वतः झाडून पाहिल्यावर पटले. सशाच्या डोक्याचा मर्मभाग जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा. म्हणजे अंतराचा अंदाज थोडा जरी चुकला तरी गोळी जबड्यात किंवा पायात जाणार.

नियम असा केला की मचाणावरून, संध्याकाळच्या उजेडात, ज्या अंतरावर सलग पाच गोळ्या तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात जातील, तेच त्याचे अंतर. सुरुवातीला ते चाळीस मीटरच होते. काडतूस न फुटल्यास नळी बांधाकडेच रोखून अर्धा मिनिट थांबायचे, मग बोल्ट उघडायचा, हेही पाठ करून घेतले. स्वस्त रिमफायरमध्ये असे काडतूस अधूनमधून निघतेच. बोल्ट काढून रायफल एका कुलपात, काडतुसे दुसऱ्यात.

कोठारात बहिणीने आधी हत्याराला हातच लावला नाही, आणि ते उत्तम झाले. तिने धान्य पत्र्याच्या कोठ्यांत हलवले, दारांच्या खालच्या कडांना पत्रा ठोकला, भिंतीतली भोके सिमेंट आणि जाळीने बुजवली. तपकिरी उंदराला अंगठ्याच्या जाडीएवढी फट पुरते. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेताला सात-आठ पिल्ले, आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. एवढ्या वेगाशी छर्रा स्पर्धा करू शकत नाही. उंदरांच्या वाटांवर भिंतीला काटकोनात सापळे लावले, पण पहिले काही दिवस ते नुसते खाऊ ठेवून, न ताणता. नव्या वस्तूला उंदीर बिचकतो, सरावल्यावरच जवळ येतो.

उरलेल्या उंदरांसाठी कोठाराच्या एका कोपऱ्यात जाड लाकडी फळ्या आणि त्यांच्यापुढे वाळूच्या पोत्यांची भिंत रचली, पुढे खाऊ ठेवला. बसायची जागा बारा मीटरवर पक्की केली. नेम फक्त पोत्यांसमोरच्या उंदरावर. तुळईवरच्या, तारेवरच्या, गुरांच्या पायाशी असलेल्या उंदरावर कधीच नाही. उंदराला लाल उजेड फारसा जाणवत नाही, म्हणून टॉर्चला लाल काच. मेलेले उंदीर हातमोजे घालून त्याच रात्री गोळा करायचे. त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि शिसे अंगात असलेला उंदीर घुबडाच्या किंवा घारीच्या पोटात गेला तर विष बंद केल्याचा उपयोगच नाही. ससेही याच कारणाने शेतात पडू द्यायचे नाहीत, असे ठरले.

काय झाले

कोठारातला उपद्रव मुख्यतः पत्रा, सिमेंट आणि सापळे यांनी आटोक्यात आला. एअर रायफल लागली ती शेवटच्या मोजक्या, सापळा ओळखून बसलेल्या उंदरांसाठी. बहीण आता तिचा उपयोग महिनोन्‌महिने करत नाही. घुबडांनी त्या हंगामात माळ्यावर पिल्ले वाढवली.

बागेत सशांची वर्दळ कमी झाली आणि साली कुरतडणे बरेच थांबले. पण त्याचे श्रेय एकट्या रायफलीला देता येत नाही. सगळ्यात लहान रोपांच्या तुकड्याला याच काळात तीन सेंटिमीटर भोकांची, नव्वद सेंटिमीटर उंच जाळी लावली होती आणि तिची खालची कड बाहेरच्या बाजूला दुमडून जमिनीवर पसरली होती, म्हणजे कुंपणाशी उकरायला आलेल्या सशाला पायाखाली जाळीच लागते. तिथे एकही रोप गेले नाही. मोठ्या बागेला जाळी लावायचा खर्च झेपणारा नव्हता. तिथे रायफल उपयोगी पडली.

एक प्रसंग वाईट झाला. दुसऱ्या महिन्यात भावाने साठच्या खुंटीपलीकडे, अंदाजे नव्वद मीटरवर बसलेल्या मोठ्या सशावर गोळी झाडली. मागे बांध होता, त्यामुळे माणसाला धोका नव्हता. ससा मागच्या पायाला लागून झुडपात सरपटत गेला आणि अंधार पडेपर्यंत शोधूनही सापडला नाही. भावाने त्याच रात्री मला फोन केला. त्याचा आवाज बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून साठ मीटरची खुंटी उपटून पन्नासवर ठोकली आणि पुढचे दोन आठवडे फक्त कागदावर सराव केला.

वेगळे काय करता आले असते

कोठाराची डागडुजी आणि सापळे हे एअर रायफल घेण्याआधी व्हायला हवे होते. तसे झाले असते तर कदाचित ती घ्यावीच लागली नसती आणि तेवढ्या पैशांत आणखी एका तुकड्याला जाळी लागली असती. उंदरांच्या बाबतीत बंदूक ही शेवटची पायरी आहे, पहिली कधीच नाही.

स्कोपवर थोडा जास्त खर्च चालला असता. संध्याकाळच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत, जेव्हा ससे सर्वांत जास्त बाहेर असतात, तेव्हाच स्वस्त चारपट स्कोपमधले चित्र काळवंडते. भाऊ आता त्या पंधरा मिनिटांत रायफल उतरवून ठेवतो. तेच योग्य आहे, पण थोड्या मोठ्या भिंगाने त्याला तो वेळ वापरता आला असता.

.१७ चा पर्याय सोडला हे मला आजही बरोबर वाटते, पण त्याचे कारण मचाण आणि बांध आहे. हीच बाग सपाट आणि उघडी असती, मागे मातीचा आडोसा नसता, तर मी .२२ एलआरला नकार दिला असता. .१७ लाही दिला असता. फुटणारी गोळीही आदळायला काहीतरी लागते, आणि हवेत सुटलेल्या गोळीला ते मिळत नाही. तिथे जाळी आणि पिंजरे, एवढेच दोन पर्याय मी सुचवले असते.

शिसेविरहित काडतुसेही सुरुवातीच्या चाचणीत घ्यायला हवी होती. ती हलकी असतात, महाग असतात आणि काही नळ्यांमध्ये गट मोठा येतो, पण घारी-घुबडे असलेल्या शेतावर निदान कागदावर ती तपासून पाहायला हवीत. पुढच्या हंगामाआधी भाऊ दोन पेट्या आणणार आहे आणि त्याच पन्नास मीटरवर, त्याच वाळूच्या पिशवीवरून गट घेणार आहे. ते अडीच सेंटिमीटरच्या आत आले तर शिशाच्या उरलेल्या पेट्या फक्त सरावाला राहतील.